सभागृहात झालेला पूल

आपण ज्या मतदारसंघात जन्मलो, त्याने आजवर विधानसभेत एकही धड माणूस पाठवलेला नाही, असं पेन्सिलबाईंचं ठाम मत होतं. आणि हे मत काही घरात पंख्याखाली बसून बनवलेलं नव्हतं, बरं का. तेहतीस वर्षं त्या सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखालच्या टेबलाशी बसून सभासदांची भाषणं लघुलिपीत उतरवून घेत होत्या. दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या पाच पेन्सिली पुढ्यात मांडलेल्या असायच्या, म्हणून सभासदांनीच त्यांना हे नाव ठेवलं होतं. बाईंनी त्या सभासदांना जी नावं ठेवली होती, ती मात्र छापण्यासारखी नव्हती.

बाकीच्यांचं एक वेळ सोडा. आपल्या गावचा माणूस बोलायला उभा राहिला की बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा तिथून वकीलसाहेब निवडून येत. तीन वेळा आले आणि पंधरा वर्षांत तीन वाक्यं बोलले. त्यातली दोन खिडकी लावून घ्या अशी होती, कारण झोपेत वारा लागायचा. मग एकदाच मास्तर आले. ते सज्जन होते, पण सज्जन माणसाचं भाषण लिहून घ्यायची वेळ तुमच्यावर आली नसेल, म्हणून तुम्हाला त्याचं कौतुक. मास्तरांना पाडून पैलवान आले आणि दहा वर्षं बसले. बाईंच्या वहीत त्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा एकच शब्द असे, तोही कंसात: गोंधळ. पैलवान आजारी पडल्यावर त्यांच्या सूनबाई आल्या. त्या कागदावरून वाचत. एकदा त्यांनी भलत्याच मतदारसंघाच्या धरणावर दोन पानं वाचून काढली आणि खाली बसल्या. कुणाला काही कळलं नाही, त्यांना तर नाहीच नाही. त्यांच्या मागून ठेकेदार आला, आणि आता रिबीनवाला. त्याच्या खिशात म्हणे स्वतःची कात्री असते, न जाणो वाटेत एखादं उद्घाटन दिसलं तर.

“मेले सगळे एका माळेचे मणी,” असं म्हणून बाई पेन्सिलीला टोक काढायला घेत.

निवृत्तीला सव्वा महिना उरला असताना गावाहून थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईचं घर ओढ्यापलीकडे. ओढ्याला पूल नाही, कधीच नव्हता. पाणी उतरलेलं असलं की दगडांवरून जायचं आणि पाणी चढलं की अठरा किलोमीटरचा वळसा, तोही बैलगाडीच्या वाटेने. आणि भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा त्यांना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागे. रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर उभी राही आणि शेजारचे चौघे भाऊजींना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून दगडांवरून आणत.

“परवा एकाचा पाय सटकला,” ताई सांगत होती. “खुर्चीसकट पाण्यात. कमरेपर्यंत भिजले, ताप भरला. आता म्हणतात, मी जाणारच नाही. चौघांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच, रोज रोज कशाला तालीम करू, म्हणतात.”

“असं कसं? न जाऊन कसं चालेल?”

“डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा दिवस. फार तर.” हे ताई हळू आवाजात म्हणाली. मग ती पुन्हा उसळली. “मी त्या तुझ्या रिबीनवाल्याच्या कार्यालयात गेले होते. म्हटलं पूल राहू दे, निदान लोखंडी सांगाडा तरी टाका, माणूस जाण्यापुरता. तर तिथला पोरगेलासा सचिव संगणकात बघून म्हणतो, आजी, पूल आहे की तुमच्याकडे! छोटे, तू तिथे बसतेस ना त्या मेल्यांच्या पुढ्यात? बघ जरा, कुणी खाल्ला माझा पूल.”

बाईंना हे काम मनापासून आवडलं. एवढी वर्षं नुसतं लिहून घेतलं, आता जाता जाता एकाला तरी उघडा पाडू. दुसऱ्या दिवशी बैठक संपताच त्या ग्रंथालयात जाऊन बसल्या आणि मतदारसंघाचे जुने कार्यअहवाल काढून वाचू लागल्या. वाचता वाचता कपाळावर हात मारायची पाळी आली. सूनबाईंच्या पुस्तिकेत ‘ओढ्यावरील पूल: पूर्ण’ असं छापलेलं. ठेकेदाराने तर त्या पुलाची डागडुजी केली होती, कठड्याला दोन हात रंगही दिला होता. आणि रिबीनवाल्याने यंदा पुलावर शोभेचे दिवे लावायचा प्रस्ताव धाडला होता. जो पूल कुणी बांधलाच नाही त्याला रंग आणि वर रोषणाई! बाई ग्रंथालयात एकट्याच मोठ्याने हसल्या. ग्रंथपालाने चष्म्यावरून पाहिलं.

पण ही सगळी मंडळी पुढची झाली. मुळात पूल झाला म्हणून पहिल्यांदा सांगितलं कुणी? पुलाच्या मागणीला बांधकाम खात्याने दिलेल्या प्रत्येक उत्तराखाली एकच आधार दिलेला होता: सभागृहाच्या कामकाजाची छापील नोंद, अमुक वर्ष, अमुक पान. ज्या कामाची पूर्ण झाल्याची नोंद सभागृहात आहे, त्याला पुन्हा मंजुरी देता येत नाही. बाईंनी तो जाडजूड खंड काढला. पान निघालं, तर भाषण मास्तरांचं. शेवटचं वाक्य होतं: “आणि अध्यक्ष महोदय, आमच्या ओढ्यावर पूल झाला.”

“हात्तिच्या!” बाई म्हणाल्या. “म्हणजे हाही त्यातलाच.”

त्यांना ते वर्ष चांगलं आठवत होतं. पुढच्याच निवडणुकीत पैलवानांनी हे पान मोठं करून छापलं होतं आणि ओढ्याच्या काठावर उभं राहून वाचून दाखवलं होतं. बघा, तुमचा मास्तर सभागृहात काय सांगून आला! पलीकडच्या दीडशे घरांनी मास्तरांना एक मत दिलं नाही. प्रचाराला दारात आले तेव्हा ताईने त्यांच्या अंगावर धुण्याचं पाणी फेकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ती बहिणीला ते रंगवून सांगायची आणि बाईही मनसोक्त हसायच्या. गेल्याच साली सांगून झालं होतं.

आता छापील नोंद दुरुस्त करून घ्यायची तर मूळ टिपणवही पाहावी लागते. तळघरातल्या खोलीत जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. त्या भाषणाची वही कुणाची, हे पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. वही त्यांची स्वतःचीच होती.

इथे त्यांच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. सभागृहात कुणी एक जण सलग लिहीत बसत नाही, हात मोडेल. पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या असतात. घंटी वाजली की दुसरी येऊन शेजारी बसते आणि पहिली उठते. नियम एकच, पण अगदी कडक: चालू वाक्य उठणारीने पुरं करायचं आणि बसणारीने पुढच्या वाक्यापासून सुरू करायचं. नाहीतर शब्द दोघींच्या मधल्या फटीत पडतो.

बाईंनी वही उघडली. चोवीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं अक्षर, टोकदार आणि देखणं. शाळेला छप्पर मिळालं पाहिजे. दवाखान्यात परिचारिका आली पाहिजे. गाडी वेळेवर सुटली पाहिजे. मास्तरांचं हे असंच, वर्गात फळ्यावर सूचना लिहाव्यात तसं. आणि समासात बारीक बारीक रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. मग चार उभ्याच. बाईंनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

तो त्यांचा आणि पुढच्या पाळीवरच्या मैत्रिणीचा खेळ होता. मास्तर उभे राहिले की पैज लागायची, आज किती वेळा ‘पाहिजे’ म्हणणार? हरणारीने चहा आणायचा. प्रत्येक ‘पाहिजे’ला समासात एक रेघ. बाईंनी वहीतले ‘पाहिजे’ मोजले, ते तेरा भरले. समासातल्या रेघा मात्र चौदा होत्या. चौदाव्या वेळी घंटी वाजली होती, मैत्रीण येऊन बसली होती, आणि बाईंनी ‘पूल झाला’ एवढं लिहून पुढचा शब्द लिहिण्याऐवजी मोजला होता. वर मैत्रिणीला बोटांनी ‘चौदा’ अशी खूणही केली असणार, कारण त्या दिवशीचा चहा त्यांनी जिंकला होता, हे त्यांना आता लख्ख आठवलं.

बाई स्टुलावर बसल्या. “अरे देवा,” एवढंच दोन-तीनदा म्हणाल्या.

बाईंच्या शाखेच्या अधीक्षकांनी मार्ग काढून दिला. ते वीस वर्षांचे ओळखीचे, मायेचे आणि बेरकी.

“शुद्धिपत्राला मूळ वक्त्याची सही लागते. मास्तर आहेत का हयात? आहेत ना, मग झालं तर. कारणाच्या रकान्यात लिहा, ‘सदस्यांच्या उच्चारातील चुकीमुळे’. म्हातारे आहेत, करतील सही.”

“पण चूक त्यांची नाही, साहेब.”

“बाई, प्रतिवेदकाची, म्हणजे लिहून घेणारीची, चूक म्हटलं की चौकशी लागते. निवृत्तीला महिना राहिलाय. कशाला हातानं धोंडा पाडून घेताय पायावर? पूल तर दोन्ही कारणांनी मोकळा होतो ना!”

हे खरंच होतं. बाईंनी अर्ज टंकित केला, कारणासकट, आणि शनिवारी सकाळच्या बसने गाव गाठलं. बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली. माणूस तर अडखळतच बोलायचा. पाच वर्षांत त्यांच्या एका तरी वाक्याला कुणी मान वळवली होती का? झाली असेल त्यांच्याकडूनही कधी एखादी चूक. आणि पुलाशी मतलब, कारणाशी काय?

मास्तरांची बसायची खोली पहिल्या मजल्यावर होती. लोखंडी कपाट, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे. मास्तर अठ्ठ्याहत्तरचे झाले होते, पण ओळख पटायला त्यांना क्षणही लागला नाही.

“तुम्ही त्या टेबलावरच्या! या, या. अगं, ऐकलंस का, विधानसभेतून आल्यात.” बायको आतून पाणी घेऊन आली.

बाईंनी घसा साफ करून सगळं सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. ओढ्यापलीकडे चढावरचं घर माझ्या थोरल्या बहिणीचं, भाऊजी आजारी आहेत; नोंदीत एक शब्द राहून गेलाय, त्यामुळे पुलाचं अडलंय, तुमची सही हवी. मास्तरांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मसुदा तपासायला आला होता माझ्याकडे. न वाचताच सही केली मी, तुमच्या खात्याचं काय चुकणार म्हणून. मग पैलवानांनी ते छापलं. मी हिला म्हटलं, मी असं बोललोच नाही. पण छापलेलं होतं. तेव्हा म्हटलं, जीभच अडखळली असणार माझी.”

“त्यानंतर हे कुठे बोलायला म्हणून उभे राहिले नाहीत,” बायको म्हणाली. “शाळेच्या निरोपसमारंभात नाही की मुलीच्या लग्नात नाही. ओढ्याकडे तर गेलेच नाहीत चोवीस वर्षांत.”

“असू दे गं,” मास्तर म्हणाले आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडायला लागले. “तुम्हाला एक सांगू का बाई? मी बोलायला उभा राहिलो की समोरचे बाक रिकामे व्हायचे. आमच्या पक्षाचेसुद्धा बाहेर जायचे. तुम्ही एकट्या खाली मान घालून लिहीत असायचात, अगदी शब्दन् शब्द. मी तुमच्याकडे बघून बोलायचो. म्हणायचो, एक माणूस तरी ऐकतंय.”

पेनाचं टोपण निघालं. सही करायची जागा बाईंनीच पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली होती. त्यांनी हात पुढे करून अर्ज ओढून घेतला.

“नका करू,” त्या म्हणाल्या. “तुमची जीभ नाही अडखळली. तुम्ही ‘पाहिजे’ म्हणाला होतात. मी लिहिलं नाही.”

“राहून गेलं असेल.”

“राहून नाही गेलं, मास्तर. मी मोजत होते. तुम्ही किती वेळा ‘पाहिजे’ म्हणता, ते आम्ही दोघी मोजायचो. हसायचो तुम्हाला. तो शब्द मी समासात रेघ म्हणून मांडला आणि उठले.”

बायको पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. मास्तर उठले. खिडकीतले मोजे त्यांनी उगाच उलटून टाकले आणि परत येऊन बसले.

“किती झाले होते?” त्यांनी विचारलं.

“चौदा.”

“चौदा,” ते म्हणाले. “चौदाच्या चौदा कामं राहिली होती, बाई. म्हणून म्हणत होतो.”

मग त्यांनी रकान्यातलं टंकित कारण पेनाने खोडलं, अगदी पट्टी लावून, आणि पेन बाईंच्या हातात दिलं. “इथे खरं लिहा. तुमच्या हातानं.” बाईंनी लिहिलं: ‘प्रतिवेदकाने सदस्याचा शब्द नोंदवला नाही.’ मास्तरांनी वाचलं आणि मान हलवली. “का नोंदवला नाही?” बाईंनी पुढे लिहिलं: ‘सदस्याची टिंगल करण्यात लक्ष होते.’ तेहतीस वर्षांत इतकं वाईट अक्षर त्यांचं कधी आलं नव्हतं. मास्तरांनी खाली सही केली, तारीख घातली, कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

“हा कागद मी तुमच्या बहिणीच्या घरी देईन,” ते म्हणाले. “तिने माझ्यावर पाणी फेकलं होतं. तिला मी काही सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. चला.”

बायको म्हणाली, “अहो, या वयात दगडांवरून?” पण मास्तरांनी चपला घातल्याही होत्या.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मास्तर चपला हातात घेऊन एकेका दगडावर पाय चाचपत पुढे गेले. बाईंनी दोनदा हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. पलीकडे चढ चढून गेल्यावर ताईचं घर. दारातच भाऊजी खाटेवर पडलेले, पाय सुजून खांबासारखे झालेले. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले. ताई आतून हात पुसत आली. बहिणीला पाहून तिचं तोंड उजळलं आणि मागे मास्तर दिसले तसं काळंठिक्कर पडलं.

“ह्याला कशाला आणलंस माझ्या दारात?” ती कडाडली. “लाज वाटत नाही हो मास्तर तुम्हाला? बघा, बघा तुमचा पूल! हा माणूस मरायला टेकलाय त्या पुलावरून ये-जा करून. शिक्षक म्हणे! पोरांना खरं बोलायला शिकवायचे आणि स्वतः सभागृहात उभं राहून धडधडीत खोटं! पैलवान चोर होता, पण निदान त्याने सोंग तरी नाही घेतलं साधूचं!”

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ते आता आपल्याकडे बघतील असं बाईंना वाटलं होतं, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

“ताई, थांब,” बाई म्हणाल्या. “ते खोटं बोलले नव्हते. पूल झाला पाहिजे म्हणाले होते. शेवटचा शब्द मी लिहिला नाही.”

“म्हणजे? तू?”

“मी.”

“विसरलीस?”

“नाही. ऐकला होता. चेष्टेवारी नेला.”

ताई तोंड उघडून बघत राहिली. तिने बहिणीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, पुन्हा बहिणीकडे पाहिलं. “मी त्यांच्यावर पाणी फेकलं, तेव्हा तुला सांगितलं होतं मी,” ती सावकाश म्हणाली. “तू किती हसली होतीस.”

मास्तरांनी खिशातून घडी काढली आणि ताईच्या हातात दिली. “सोमवारी विधानसभेच्या कार्यालयात पोचवा म्हणजे फाइल उघडेल,” ते म्हणाले. “वेळ लागेल. तोवर यांना गावात आमच्याकडे आणून ठेवा. तळमजल्यावर एक खोली रिकामीच आहे, रुग्णवाहिका दारापर्यंत येते.”

खाटेवरून भाऊजी म्हणाले, “येतो मी.”

ताईने पदराने डोळे पुसले. आत जाऊन घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणली. तीच, पाण्यात पडलेली. ती नीट पुसून तिने मास्तरांपुढे ठेवली.

“बसा मास्तर,” ती म्हणाली. “पाणी आणते.”

बहिणीला ती बस म्हणाली नाही.